पुलापाशी जांभई

“ताई, घाई नको करूस गं. पुलापाशी त्याला नुसतं उभं राहू दे. काही दाबू नकोस. बघ हं, आता जांभई देतो तो.”

धाकट्या भावाचा हा आवाज माझ्या कानात राहिलाय, तो त्याचा कंठ फुटायच्या आधीचा. वडिलांनी कचेरीतून मोडीत निघालेला एक संगणक घरी आणला होता. सुरू व्हायलाच त्याला इतका वेळ लागायचा, की तोवर आमची भांडून बट्टी व्हायची. त्यावर एकच खेळ धड चालायचा. लाल टोपीचा एक माणूस झाडाखालून निघतो, टेकडी चढतो, फळ्यांच्या पुलावरून पलीकडे जातो. आम्हा दोघांना तेवढं जग पुरे होतं. त्याच्या चालीवर आम्ही एक गाणंही जुळवलं होतं:

टोपीवाल्या दादा माझ्या, चाल सावकाश,
एका हाती काठी तुझ्या, डोईवर आकाश;
फळी वाजे खटखट, खाली पाणी खोल,
एक पाय टाक आधी, मग सावर तोल.

टोपीवाला झाडाखालून निघाला की गाणं सुरू करायचं. ‘तोल’ म्हणेपर्यंत तो पुलाशी. दर वेळी. भिंतीवरचं घड्याळ चुकेल, टोपीवाला चुकायचा नाही.

त्याच खोलीत मी परवा आले, तर दारात चपलांचा ढीग होता आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीच्या गजांना माणसं लटकली होती. खोलीत घामाचा, अत्तराचा आणि शिळ्या हवेचा वास कोंडला होता. मधोमध भावाचं टेबल, टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपच्या गळ्यात हार. होय, हार. पडद्याच्या दोन्ही कोपऱ्यांवरून सोडलेला. आणि समोर, खुर्चीच्या कडेला कशीबशी टेकलेली माझी आई, सुजलेली बोटं बटणांवर ठेवून.

शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी फोन केला म्हणून मी आले होते. “तुझ्या आईनं साखरेची इंजेक्शनं बंद केलीत,” त्या म्हणाल्या होत्या. “पायावर सूज आहे, नजर अंधुक झालीय. मी सांगून थकले. म्हणते, महाराजांनी सांगितलंय, तो पूल ओलांडेपर्यंत अंगात सुई जाऊ द्यायची नाही. अगं, कोण ओलांडेपर्यंत? लवकर ये. हे फार दिवस चालणार नाही.”

कोण ते मला खोलीत शिरताच कळलं.

भाऊ गेला त्याला वर्ष होत आलंय. दुचाकीवरून घरी येताना, नदीच्या पुलाआधीच्या वळणावर. आईला त्याचं कपाट आवरताना खेळाची जुनी तबकडी सापडली. तिला वाटलं, लेकरू काय खेळायचं ते एकदा बघावं. तेव्हा स्वयंपाकघरातून तिला कधी उसंतच नव्हती. नाक्यावरच्या संगणक दुरुस्तीवाल्यानं तिला एक वापरलेला लॅपटॉप दिला आणि खेळ त्यावर चढवून दिला. आईनं बाणाचं बटण दाबलं मात्र, टोपीवाला झाडाखालून सुटला तो डोळ्याचं पातं लवायच्या आत टेकडीवरून थेट नदीत. पुन्हा दाबलं, पुन्हा नदीत. आई घाबरली. “हा असा का पळतोय हो?” दुकानदारानं मान हलवली. म्हणाला, “माई, हे माझ्या हातातलं काम नाही. माझे एक महाराज आहेत.”

ते महाराज आता आईच्या मागे उभे होते. लोक त्यांना महाराज म्हणत. मी मनातल्या मनात त्यांचं बारसं केलं: थांबबाबा.

“ऐका!” थांबबाबा गरजले. “ही खिडकी आहे खिडकी! मशीनवाले तिला काय म्हणतात? विंडो! अहो, खिडकी उगाच असते का? कुणीतरी डोकावतंच! आणि डाउनलोड म्हणजे? खाली येणं! कोण खाली येतं?”

“आत्मा!” गर्दी म्हणाली.

“आत्मा! हा टोपीवाला नाही, माई. हे तुमचं लेकरू आहे. ज्या वेगानं गेलं त्याच वेगानं पळतंय. पुलाशी येतं आणि पडतं. पुलाशी येतं आणि पडतं! दाबा, माई.”

आईनं बटण दाबलं. लाल रेघ चमकली. नदी. आईच्या तोंडून एक बारीक आवाज आला. बाळाला ठेच लागल्यावर येतो तसा. बाया डोळ्यांना पदर लावू लागल्या.

“पुन्हा दाबा. आणि आता बघा!” थांबबाबांनी उजवा हात लॅपटॉपवर ठेवला, डोळे मिटले. “थांब, बाळा! थांब!”

आणि टोपीवाला थांबला नाही, पण आवरला. पळत होता, पण आता पळताना दिसत होता. लॅपटॉपमधल्या पंख्याची घरघरही उतरली. “श्वास शांत झाला! श्वास शांत झाला!” कुणीतरी ओरडलं. टोपीवाला टेकडी चढला, पुलाजवळ आला, आई पुढे झुकली, आणि नेमक्या त्याच क्षणी थांबबाबांनी हात उचलला. लाल रेघ. नदी.

“माझ्या हातानं सुटका नाही, माई. आईच्याच हातानं होणार. तुमची तपश्चर्या कमी पडतेय. शरीराचे लाड कमी करा.”

आजवर मी पुष्कळ खोटं पाहिलंय. भोळं खोटं, पोटासाठीचं खोटं, लाज झाकायचं खोटं. त्या सगळ्यांची कीव येते. पण आईला तिच्या मुलाचं मरण बटण दाबून पुन्हा पुन्हा दाखवायचं, वर ते तिच्याच हातून घडवायचं आणि ते करताना अत्तर लावून उभं राहायचं! मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं आणि परत आत आले, कारण एक गोष्ट डोळ्यांत खुपली होती.

लॅपटॉपच्या कडेला, चार्जरची वायर शिरते तिथे, एक नारिंगी दिवा होता. बाबा “थांब” म्हणाले तेव्हा तो विझला होता. हात उचलला तेव्हा पेटला होता. मी पुढच्या खेपेला टेबलाखाली पाहिलं. महाराजांचा पांढऱ्या सदऱ्यातला शिष्य भक्तिभावानं डोळे मिटून उभा होता आणि त्याच्या उजव्या पायाचा अंगठा, चार्जर ज्यात लावला होता त्या विजेच्या पाटीच्या, एक्स्टेन्शन बोर्डाच्या, बटणावर होता. वर हात, खाली अंगठा. एवढीच ती सिद्धी.

गर्दी पांगल्यावर मी आईजवळ बसले. ती अजून बटणं दाबतच होती.

“आई, दोन घास खा. आणि ते इंजेक्शन घे.”

“तू गप्प बस. तुला काय कळतंय? तू इथे होतीस कुठे?”

“आई, तो खेळ आहे गं.”

“खेळ?” तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे लाल, खोल गेलेले. “तो का पळतो ते मला ठाऊक आहे. मला एकटीलाच ठाऊक आहे.” ओठ घट्ट मिटले आणि बोट पुन्हा बटणावर गेलं.

मी भावाच्या कचेरीतल्या मैत्रिणीला बोलावलं. भाऊ तिला ‘खडूस’ म्हणायचा, तिला ते नाव आवडायचं. प्रोग्रॅम लिहिणं हा तिचा धंदा. ती आली, पाण्याचा पेला रिकामा केला, खेळ एकदा चालवून पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“एवढंच? हे रोज होतं गं! जुना खेळ, नवं मशीन. पळणारच.”

“पण का पळणार? मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांग.”

“दूध तापत ठेवलंय. तू पोराला सांगितलंस, शंभरपर्यंत मोज आणि मग गॅस बंद कर. पोरगं सावकाश मोजणारं असेल, तर दूध तापेल. पण एखादं चुरुचुरु बोलणारं पोरगं फाडफाड शंभर म्हणून मोकळं झालं, तर?”

“दूध गारच.”

“हा खेळ ज्यानं लिहिला, त्यानं घड्याळ बघितलंच नाही. मशीनला सांगितलं, टोपीवाल्याला एक पाऊल टाकायला लाव, मग अमुक आकड्यापर्यंत मोज, मग दुसरं पाऊल. तेव्हाची मशीनं रेंगाळत मोजायची, म्हणून तो चालायचा. हे नवं मशीन तो आकडा केव्हाच मोजून रिकामं होतं. टोपीवाला तोच, पावलंही तीच. मधली उसंत गेली, म्हणून पुलाशी बटण सोडायच्या आत तो नदीत, बस्स.”

“आणि वायर काढली की?”

“बॅटरीवर गेलं की मशीन वीज वाचवतं. वेग उतरवतं, पंखाही मंदावतो. मोजणी मंद, टोपीवाला मंद. अगं, हे त्या दुकानदाराला माहीत नाही असं होणंच शक्य नाही. त्याच्याकडे आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक ही तक्रार घेऊन येत असेल.”

मला तिथेच आईला हाक मारावीशी वाटली. खडूसनं माझा हात धरला. “आता नको. तू सांगशील, ती म्हणेल महाराजांचा राग आहे तुला. त्यांच्यासमोरच होऊ दे.”

दुसऱ्या दिवशी गर्दी आणखी वाढली होती. कुणी आजारी नातवाला आणलं होतं, कुणी बंद पडलेला फोन. मी सकाळीच चार्जर टेबलाखालच्या पाटीतून काढून खिडकीखालच्या भिंतीतल्या प्लगात लावून ठेवला होता. पाटी होती तिथेच होती. तिला आता काहीच जोडलेलं नव्हतं.

थांबबाबांनी खिडकी, डाउनलोड, सगळं पुराण सांगून झाल्यावर हात ठेवला. “थांब, बाळा!”

लाल रेघ. नदी.

“थांब म्हणतो ना! थांब!”

रेघ. नदी. टेबलाखालून खट्, खट्, खट् आवाज येऊ लागला. शिष्याचे डोळे उघडले होते आणि अंगठा बिचारा घामाघूम झाला होता.

“महाराज,” मी म्हटलं, “मी बघू का?” आणि उत्तराची वाट न पाहता भिंतीतली पिन ओढली. नारिंगी दिवा विझला. टोपीवाला आवरला. पंखा शांत झाला.

मग मागून एक म्हातारबुवा पुढे आले आणि माझ्या पायाशी वाकू लागले. “लेकीच्या हातात आहे! भावाबहिणीचं रक्त आहे!”

“ऐकलं का, ताईंच्या अंगात आलंय!” एक बाई म्हणाल्या.

हे ऐकून मला आदल्या दिवसापेक्षा जास्त किळस आली. एक मखर रिकामं होतंय न होतंय, तोच दुसरी मूर्ती बसवायची घाई! मी आजोबांना खांद्याला धरून उभं केलं. “आजोबा, माझ्या नाही, तुमच्या हातात आहे. ही पिन धरा. लावा आत. आता काढा.”

त्यांनी पिन लावली, काढली. टोपीवाला पळाला, आवरला. पळाला, आवरला. आजोबांच्या चेहऱ्यावर आधी भीती होती, मग आश्चर्य, मग एक खट्याळ हसू. “म्हणजे मीपण महाराज?”

“तुमच्या अंगठ्यालाही येईल, आजोबा. त्या सदरेवाल्याला विचारा, तो काय दाबत होता.”

सगळ्यांच्या माना टेबलाखाली गेल्या. शिष्यानं पाय मागे घेतला, पण उशीर झाला होता.

“यंत्रात काय आहे ते यंत्राला विचारा!” थांबबाबा खेकसले. “आत्म्याला वीजही चालते!”

“चालते ना,” खडूस पुढे आली. “मग हे बघा.” तिनं आणलेल्या जुन्या तबकडीतून एक पत्त्यांचा खेळ लावला. पत्ते असे सटासट उडाले की कोण जिंकलं तेही कळेना. मग मोटारींची शर्यत. हिरवा झेंडा पडायच्या आत सगळ्या गाड्या भिंतीत. “यात कोण वारलंय, महाराज? बदामाची राणी? हे खेळ लाखो घरांत होते. एवढे आत्मे आणता कुठून?”

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मग दारातून एका रिक्षावाल्याचा आवाज आला. “थांबा थांबा! हाच गाड्यांचा गेम! माझ्या पोराच्या मशीनवर असाच पळत होता. ए दुकानदार, तूच म्हणालास ना मला, जुना गेम आहे, नव्या मशीनवर पळतोच, काळजी करू नको? मला असं आणि या माउलीला आत्मा?”

दुकानदार भिंतीला चिकटला होता. “माईंना… माईंना तेवढाच आधार…”

“आधार?” डॉक्टरीणबाई इतका वेळ दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. “या बाईचे डोळे जायला आलेत, मूत्रपिंडं जायला आलीत. याला आधार म्हणतोस? लाज धर!”

“इथे अश्रद्धा शिरलीय,” थांबबाबांनी जाहीर केलं. “मी इथे थांबत नाही.” आणि ते खरोखरच थांबले नाहीत. त्यांच्या वेगाला कसलाही प्लग लावायची गरज पडली नाही.

सगळे जागे झाले, असं मी म्हणणार नाही. पाचपंचवीस जण त्यांच्या मागे गेलेच. एक बाई जाताना मला म्हणाल्या, “तुम्ही सगळं मोडलंत.” बाई, मी काही मोडलं नाही. मी पिन काढली. आणि हे मी वाचणाऱ्यांनाही हात जोडून सांगते: चमत्कार दिसला तर जरूर बघा, पण हाताकडे बघू नका, पायाकडे बघा. कुणाच्याही शब्दावर औषध सोडू नका. जे एकाच्याच हातून होतं, तुमच्या हातून होऊ दिलं जात नाही आणि भरल्या डोळ्यांनीच बघावं लागतं, ते तपासल्याखेरीज मानू नका. दुःख खरं असतं. म्हणूनच त्यावर खोटं इतकं छान चिकटतं.

खोली रिकामी झाली. आई जागची हलली नव्हती. लॅपटॉपच्या गळ्यातला हार तिनं स्वतःच काढला आणि मांडीवर ठेवला.

“म्हणजे तो… नव्हताच यात?”

“नाही, आई.”

खडूस खुर्ची ओढून बसली. “काकू, मी याला एक सोंग घ्यायला लावते. नव्या मशीनच्या आत जुन्या मशीनचं सोंग. मग ते सावकाशच मोजेल. फक्त किती सावकाश, ते मला ठाऊक नाही. मी तेव्हाचं मशीन पाहिलेलं नाही.”

“मला ठाऊक आहे,” मी म्हटलं.

टोपीवाला निघाला. मी गाणं धरलं. ‘टोपीवाल्या दादा माझ्या’ म्हणेतो तो पुलाशी. “फार जलद.” खडूसनं वेग उतरवला. या वेळी ‘डोईवर आकाश’. “अजून.” पुढच्या खेपेला तिनं इतका उतरवला, की माझं गाणं दोनदा म्हणून झालं तरी तो टेकडीच्या पायथ्याशी, चिखलात रुतल्यासारखा. आम्ही दोघी हसलो. कित्येक महिन्यांनी त्या खोलीत कुणी हसलं असेल. “थोडा वाढव. थोडा अजून. हं… आता.”

एक पाय टाक आधी, मग सावर तोल. ‘तोल’ म्हटलं आणि टोपीवाला पुलाशी आला.

“आई, आता काही दाबू नकोस. नुसतं उभं राहू दे त्याला.”

आईनं बोट उचललं. टोपीवाला थांबला. त्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग टोपी मागे सारली, तोंड एवढं मोठं उघडलं आणि अंग ताणून जांभई दिली. इतके दिवस ती तिथेच होती. त्या वेगात तिला कुणी वेळच दिला नव्हता.

आईला हसू आलं. हसता हसता तिचा चेहरा विस्कटला. “हे चित्र आहे,” ती हळू म्हणाली. “किती छान चित्र आहे. हे माझं लेकरू नाही.”

तिनं पूल ओलांडला नाही. मी विचारलंही नाही. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी साखर तपासली, आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या. आईनं मुकाट्यानं दंड पुढे केला. सुई गेली, कापूस दाबला. पडद्यावर टोपीवाल्यानं दुसरी जांभई दिली.

मी तिच्या पायाशी बसले. “आई, काल तू म्हणालीस, तो का पळतो ते तुला एकटीलाच ठाऊक आहे. काय ठाऊक आहे?”

कापूस दाबून धरलेलं बोट पांढरं पडलं होतं.

“त्या दिवशी मी त्याला फोन केला होता,” आई म्हणाली. “काही काम नव्हतं गं. पानं वाढून ठेवली होती आणि जेवण गार होत होतं. मी म्हटलं, किती उशीर करतोस, लवकर ये. तो म्हणाला, येतो गं हळूहळू. तर मी ओरडले त्याच्यावर. म्हटलं, हळूहळू नको, लवकर ये.”

मग माझ्याकडे न बघता, पडद्यावरच्या त्या उभ्या माणसाकडे बघत म्हणाली, “लवकर ये म्हटलं मी त्याला. मीच म्हटलं. आजवर कुणालाच सांगितलं नाही.”